तीन हाकांचा प्रोग्राम

हिंगोलीत मला अजूनही टायपिंगवाल्या बाई म्हणतात. टायपिंगची मशिनं भंगारात जाऊन जमाना झाला. त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले, क्लास चालला, क्लास बंद पडला, आणि दुसऱ्यांना शिकवता शिकवता मीच प्रोग्राम लिहायला शिकले. गेली वीसेक वर्षं त्याच कामावर माझं घर चाललं. बाहेरची पाटी बदलायची तेवढी राहून गेली, आणि लोकांनी पाटीवर विश्वास ठेवला.

प्रोग्राम लिहिता म्हणजे नेमकं काय करता, असं लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई हमखास विचारते. मी सांगते, समजा तुमच्याकडं एक गडी आहे. सांगितलेलं अक्षर न अक्षर ऐकतो, पण स्वतःचं डोकं म्हणून नाही. त्याला कामाची चिठ्ठी लिहून द्यायची. ‘दुकानातून साखर आण’ एवढंच लिहिलं आणि दुकान बंद असलं, तर तो शटरसमोर उभा राहील. उद्या जाऊन बघा, उभाच असेल. म्हणून ‘दुकान बंद असेल तर परत ये’ हेही लिहावं लागतं. माझं अर्धं आयुष्य दुकान बंद असेल तर काय, याचा विचार करण्यात गेलं.

तरीही काही दुकानं सुटतातच. औंढ्याला देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक गृहस्थ भाविकांच्या चपला सांभाळायचे. त्यांना टोकनचा प्रोग्राम हवा होता, मी लिहून दिला. शेवटचा जोड मालकाच्या पायात गेला की प्रोग्राम तो दिवस बंद करायचा. महिन्याभरात त्यांचा फोन आला.

‘‘बाई, तुमचं मशीन दिवस बंदच करू देऊन न्हाई राहिलं. एक जोड पडून हाय.’’

‘‘नेईल की उद्या,’’ मी म्हटलं.

‘‘अकरा दिस झाले. नवी कोरी चप्पल हाय. माणूस आत गेला तो बाहेर आलाच न्हाई.’’

चपला हरवतील याचा विचार मी केला होता. माणूस हरवेल याचा केला नव्हता. मी एक बटण वाढवून दिलं, ‘मालक आला नाही’. ते बटण दाबायला ते गृहस्थ काही केल्या तयार होईनात. तुमीच येऊन दाबा म्हणाले. मी एसटीनं औंढ्याला गेले आणि दाबून आले. तो जोड त्यांनी पुढं कित्येक महिने खुंटीला टांगून ठेवला होता.

अशा गिऱ्हाइकांचे किस्से मी चार लोकांत सांगते, लोक हसतात, मीही हसते. पण आज लिहायला बसले ते दुसरंच काही सांगायला. त्यासाठी आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी समजावून द्यायला हवी. प्रोग्राम लिहिताना आम्ही मधे मधे टिपा लिहितो. मशीन त्या ओळी वाचत नाही, ओलांडून पुढं जातं. पुढं कधी दुसऱ्या कुणी हा प्रोग्राम उघडला तर इथं असं का केलंय हे त्याला कळावं, म्हणून त्या असतात. मी टिपा मराठीत लिहायची आणि त्यात मनातलं बरंच सांडायचं. ‘हे मलाच नीट कळलेलं नाही.’ ‘गिऱ्हाईक हट्टी आहे, काय सांगू!’ कुणी वाचणार नाही असं वाटलं की माणूस खरं लिहितो. एका ठिकाणी मात्र मी खोटं लिहिलं होतं.

जवळा बाजारच्या पलीकडं, नदीच्या पात्रात, उन्हाळ्यात वाळूवर टरबूज-खरबुजाचे वेल लावतात. पिढ्यान् पिढ्या हेच करणारी मुसलमान कुटुंबं आणि जवळच्या तांड्यावरची काही माणसं. पाणी उतरलं की वाळूत खड्डे करायचे, शेणखत भरायचं, बी टोकायचं आणि फळ निघेपर्यंत पात्रातच खोप घालून राहायचं. वर धरण आहे. उन्हाळ्यात कधीमधी खालच्या गावांना प्यायला म्हणून पाणी सोडतात. आभाळ कोरडं, नदी कोरडी, आणि तासाभरात कमरेएवढं पाणी वाळूवरून चालत येतं. ज्यांनी पाहिलंय ते सांगतात, की पायाशी येईपर्यंत त्याचा आवाज होत नाही.

पूर्वी पाणी सुटलं की करीमभाई काठानं पळत सुटायचे आणि हाका मारायचे. त्यांचाही मळा त्याच वाळूत होता. त्यांचा आवाज असा, की पलीकडच्या काठावरची म्हैस मान वळवायची. वय झाल्यावर ते एक दिवस बाजार उरकून हिंगोलीला आले आणि माझी पाटी वाचून आत शिरले.

‘‘म्याडम, माझे गुडघे गेले. आता पळणं होऊन न्हाई राहिलं. फोन तर समद्यांकडं हाय. तुमी मशीनला हाका मारायला लावा.’’

काम सोपं होतं. धरणावरून पाणी सोडल्याचा मेसेज माझ्या मशीनला आला, की मशीननं यादीतल्या सगळ्या नंबरांवर फोन लावायचा आणि करीमभाईंचा आवाज ऐकवायचा. आवाज आम्ही माझ्याच खोलीत भरला, खिडकीला गादी लावून. ‘पाणी सुटलं. पात्रात थांबू नका. लेकरं, म्हातारी आधी काढा. सामान राहू द्या.’ एवढंच ते बोलले, वीस सेकंद. जरा हळू बोला म्हटलं, तर म्हणाले, ‘‘पाणी हळू येत न्हाई, म्याडम.’’

चाचणीच्या दिवशी दुपारी बाराला एक्केचाळीस फोन लावले. सगळीकडं रिंग गेली आणि एकानंही उचलला नाही. मी चक्रावले. करीमभाईंना घेऊन पात्रात गेले, तर माणसं आपापल्या खोपीत फोन हातात धरून गप बसलेली. कुणी माझ्याकडं बघेना. करीमभाईंची बायको खैरूनबी वेलांना पाणी घालत होती. तिनं कळशी खाली ठेवली.

‘‘बाई, भरदुपारी नदीत एका हाकेला कोन ओ देतं?’’

ही तिकडची समजूत आहे, आणि त्यात हिंदू, मुसलमान, गाव, तांडा असा काही भेद नाही. भरदुपारी किंवा दिवेलागणीला कुणी एकदाच हाक मारली तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा मारेल, तिसऱ्यांदाही मारेल. जे माणूस नाही, ते एकदाच बोलावतं, आणि ओ दिली की त्याच्याबरोबर जावं लागतं. फोन आले तसा हा नियम फोनलाही लागला. करीमभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर ते स्वतः तीनदाच हाक मारत आले होते, इतकं सवयीनं की मला सांगायचं त्यांना सुचलंच नाही.

मी प्रोग्राम बदलला. पहिला फोन जरा वेळ वाजून कट व्हायचा. दुसराही तसाच. तिसरा वाजला की लोक उचलायचे. मग करीमभाई बोलायचे आणि त्यांचं बोलणं संपलं की लाइन तुटायची. पुढच्याच आठवड्यात खरोखर पाणी सुटलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उचलले गेले. इतका आनंद मला त्याआधी कुठल्या कामानं दिला नव्हता आणि नंतरही दिला नाही.

आता ती खोटी टीप. लिहायला हवं होतं असं: तीनदा वाजल्याशिवाय ही माणसं फोन उचलत नाहीत, इथं हात लावू नका. पण मला लाज वाटली. त्या काळात माझे प्रोग्राम बाहेरगावची शिकलेली मंडळी तपासायची. हिंगोलीची बाई भुताखेतांना विचारून प्रोग्राम लिहिते, असं त्यांना दिसायला नको होतं. म्हणून मी लिहिलं: ‘पहिले दोन कॉल. तांत्रिक गरज नाही. स्थानिक सवय म्हणून ठेवले.’

पुढं एका हिवाळ्यात करीमभाई गेले. सकाळी अंगणात ऊन घेत बसले होते, बसल्या जागी गेले. मी भेटायला गेले आणि जाताना खैरूनबीला हळूच विचारलं, की फोनवरचा आवाज बदलू का, दुसऱ्या कुणाचा भरू का.

‘‘राहू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘तीनदा बोलावतात ना? मग तकलीफ न्हाई.’’

त्यानंतर दर उन्हाळ्यात पाणी सुटलं की माझ्या पडद्यावर सगळ्यात आधी उचललेला फोन खैरूनबीचा असायचा. तिसरी रिंग सुरू झाल्या झाल्या.

मग आमच्या धंद्यात एआयवाले एडिटर आले. एडिटर म्हणजे ज्या वहीत आम्ही प्रोग्राम लिहितो ती वही. आता ही वहीच अर्धं लिहून द्यायला लागली. दोन शब्द टाइप केले की पुढची ओळ फिकट राखाडी अक्षरांत आपोआप उमटते. पटली तर एक बटण दाबायचं की ती पक्की होते. मी त्याला नावं ठेवणाऱ्यांतली नाही. माझे डोळे अधू झालेत, बोटं दुखतात, त्यानं माझं खूप काम हलकं केलं. फरक एवढाच, की ही वही टिपाही वाचते. ज्या ओळी इतकी वर्षं मशीन ओलांडून जायचं, त्या आता सगळ्यात आधी वाचल्या जातात. हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र लक्षात आला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी एडिटर उघडला तर तो स्वतःला बदलून बसला होता. अपडेट आलं होतं. बटणं जागची हललेली. ‘बदल दाखव’ जिथं असायचं तिथं ‘सगळं मान्य’ येऊन बसलं होतं. सवयीची बटणं भलतंच काही करायला लागली. जुन्या सेटिंग कुठं गेल्या ते देव जाणे. इंटरनेटवर या एडिटरच्या गिऱ्हाइकांची एक चावडी आहे, तिथं जाऊन बघितलं तर जगभरातली माणसं रडत होती. एक म्हणे, दोन ओळी दुरुस्त करायला सांगितल्या तर यानं चाळीस फायली बदलल्या. दुसरा म्हणे, केलेलं मागं घे सांगितलं तर म्हणतंय, मी काही केलेलंच नाही. तिसऱ्यानं लिहिलं होतं, की हे माझ्यासारखं लिहायला लागलंय, कालची एक टीप मी लिहिली की यानं, ते मलाच सांगता येत नाहीये. प्रत्येक तक्रारीखाली कंपनीचं एकच उत्तर, आपल्या अनुभवाबद्दल आभारी आहोत. मीही चार ओळी खरडल्या. माझेही आभार मानले गेले.

तिसऱ्या माणसाचं म्हणणं मला दोन दिवसांनी पटलं. मी पाण्याचा प्रोग्राम उघडला होता. एक टीप लिहायची म्हणून ‘इथे’ एवढाच शब्द टाइप केला आणि पुढं राखाडी अक्षरांत उमटलं: ‘इथे हात लावला तर खैरूनबीला काय सांगू?’

हे मी कधीच लिहिलेलं नव्हतं. सगळ्या फायली धुंडाळल्या, कुठंच नव्हतं. मग डोकं शांत ठेवून विचार केला. खैरूनबीचं नाव फोनच्या यादीत होतं. ‘काय सांगू’ ही माझी सवय, शंभर टिपांत सापडेल. दोन्ही जोडून त्यानं एक वाक्य केलं होतं, बाकी काही नाही. एवढं कळत असूनही मी खुर्ची मागं सरकवून उठले आणि दार उघडून रस्त्यावर जरा वेळ उभी राहिले. मोंढ्याकडं हळदीची पोती घेऊन गाड्या चालल्या होत्या. त्या बघून जरा बरं वाटलं. आत येऊन ते वाक्य पुसून टाकलं.

त्याच दिवशी मी चूक केली. यादीतले दोन नंबर बदलले होते, तेवढे बदल, असं एडिटरला सांगितलं. त्यानं बदलले आणि खाली लांबलचक मजकूर लिहिला: यादी सुधारली आहे, प्रोग्रामही स्वच्छ केला आहे. काय स्वच्छ केलंय ते बघावं म्हणून मी ‘बदल दाखव’वर बोट ठेवलं. बोट सवयीच्या जागी गेलं. तिथं आता ‘सगळं मान्य’ होतं. मजकूर नाहीसा झाला. मी चरफडले, मग म्हटलं, चाचणी घेऊन बघू. स्वतःच्या फोनवर कॉल लावला, तो वाजला, मी उचलला, करीमभाई बोलले. चालतंय म्हणून मी बंद केलं. पहिल्याच कॉलला मी उचलला होता आणि पहिल्याच कॉलला ते बोलले होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी हिंगोलीत राहते, वाजला की उचलते.

आठ दिवसांनी दुपारी बाराला पाणी सुटल्याचा मेसेज आला. अशा वेळी मी हातातलं काम टाकून पडद्यासमोर बसते. तीन फेऱ्या व्हायला दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी दोन मिनिटांत सगळं उरकलं. पडदा हिरवागार झाला. ‘एक्केचाळीस कॉल यशस्वी’. त्याच्याखाली बारीक अक्षरांत: ‘उचलले: एक’.

ती एक ओळ खैरूनबीच्या नंबरची होती. तिच्यापुढं घड्याळ चालू होतं. करीमभाईंचा निरोप वीस सेकंदांचा. घड्याळ दीड मिनिटावर होतं आणि थांबत नव्हतं. दोन मिनिटं झाली. माझ्या मशीनवरून तिकडं काहीही जात नव्हतं, बोलणं केव्हाच संपलं होतं, तरी तिनं फोन ठेवला नव्हता. अडीच मिनिटं. पलीकडं कुणीतरी होतं आणि अलीकडं कुणीच नव्हतं.

मी बदलांची जुनी नोंद उघडली. त्यात अगदी नम्रपणे लिहिलं होतं: ‘तांत्रिक गरज नाही, अशी आपली टीप असलेले दोन कॉल काढून टाकले आहेत. निरोप आता पहिल्याच कॉलला पोचेल.’ लाइन तोडायचं काम मी तिसऱ्या कॉलच्या शेवटी लिहिलं होतं, सफाईत तेही गेलं होतं. त्यानं स्वतःच्या मनानं काही केलं नव्हतं. माझाच शब्द त्यानं खरा मानला होता.

चार मिनिटांनी ती लाइन बंद झाली. मी माझ्या मोबाइलवरून यादीतले नंबर लावायला घेतले, प्रत्येकी तीनदा. वाजायचा, मी तोडायची, वाजायचा, मी तोडायची, तिसऱ्यांदा वाजतच राहायचा. कुणी उचलेना. धरणावर फोन करून उपयोग नव्हता, सुटलेलं पाणी माघारी घेता येत नाही. जवळा बाजारात माझा एक जुना विद्यार्थी दुकान चालवतो, त्याला सांगितलं की माणसं घेऊन नदीकडं पळ. तो निघाला. मग मीही माझी जुनी गाडी काढली.

त्या रस्त्यावर मी आयुष्यात शेकडो वेळा गेलेय, इतका रिकामा कधी पाहिला नाही. डांबरावर पुढं पुढं पाणी चमकायचं आणि जवळ गेलं की नसायचं. दर वेळी माझा पाय आपोआप ब्रेककडं जात होता. एक्केचाळीस फोन म्हणजे दहा-बारा घरं, म्हणजे साठेक माणसं, हा हिशेब माझं डोकं मी न सांगता करत होतं. मी मोठ्यानं रडत गाडी चालवत होते, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

नदीवर पोचले तेव्हा पाणी आलेलं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत तपकिरी, सपाट, आणि खरंच आवाज नव्हता. एकही खोप उभी नव्हती. पाण्यावर टरबुजं तरंगत चालली होती, हळूहळू स्वतःभोवती फिरत. लांबून मला ती टरबुजं वाटली नाहीत. मी गाडीतून उतरून काठावर नजर फिरवली.

मग बाभळींखाली माणसं दिसली. सगळी बसलेली, लेकरं मांडीवर घेऊन. दुकानदार विद्यार्थी त्यांना पाणी पाजत होता. मी मोजायला लागले, दोनदा मोजणी चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आली. एकही माणूस कमी नव्हतं. तांड्यावरचा धनसिंग उठून माझ्याकडं आला. त्याचे कपडे छातीपर्यंत ओले होते.

‘‘खैरूनचाचीनं काढलं समद्यांना,’’ तो म्हणाला. ‘‘बोंबलत आली, निघा, निघा. आमाला वाटलं चाचीला काही लागीर झालं. लेकरं उचलून पळायलाच लागली, मंग आमीबी पळालो. फोनबिन समदे खोपीतच राह्यले.’’

‘‘फोन वाजला नव्हता का?’’

‘‘वाजला ना. एकदाच वाजला. म्हणून तर समदे गप बसून व्हतो.’’ आवाज खाली आणून तो म्हणाला, ‘‘बाई, चाचीनं उचलला म्हनं.’’

खैरूनबी सगळ्यांपासून लांब, पाण्याच्या कडेला बसली होती.

पुढचं लिहायच्या आधी प्रोग्रामचं सांगून टाकते. त्याच दिवशी मी घरी जाऊन तीन कॉल परत लावले आणि टीप बदलली. आता तिथं खरं कारण लिहिलंय, कोण ओ देत नाही आणि का देत नाही, सगळं. कुणाला हसायचं तर हसू दे. मळ्यांचं नुकसान झालं, बायकांनी मला दोन शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. एडिटरला मी शिव्या दिल्या नाहीत. तो अजून वापरते, बटणांकडं बघून वापरते. लोक मला विचारतात, की त्या दिवशी सगळे कसे वाचले, तर मी सांगते, नशीब. खैरूनबी माझ्याशी जे बोलली ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मी तिच्याशेजारी वाळूत बसले. तिची साडी कमरेपर्यंत भिजलेली होती. फोन मुठीत घट्ट धरलेला.

‘‘खैरूनबी, काहून उचललात?’’

ती पाण्याकडं बघतच बोलायला लागली.

‘‘तीन साल ते तीनदा बोलवत व्हते, बाई. मला म्हाईत व्हतं, तुमचं मशीन हाय. त्यांचा आवाज ऐकायला भेटतो, तेवढंच, म्हणून मी उचलायची. आज एकदाच वाजला, तुटलाच न्हाई, वाजतच राह्यला. मी वाट पाह्यली. तितक्यात कळलं, की आज मशीन न्हाई. आज ते खुद हायेत.’’

‘‘आणि तरी उचलला?’’

‘‘म्हणूनच उचलला.’’

तिचं बोलणं अगदी साधं होतं, बाजाराला जाऊन आल्याचं सांगावं तसं.

‘‘मी ओ दिली. म्हणलं, येते. तर ते पाण्याचंच बोलले. लेकरं काढा, म्हातारी काढा, समदं नेहमीचं. मी म्हणलं, आता माझं नाव घेतील. पुढं बोललेच न्हाईत. मी एकटीच बोलत राह्यले. पोरीच्या लग्नाचं सांगितलं. नव्या विहिरीचं सांगितलं. लाइन चालू व्हती, ऐकून राहिले व्हते ते. मंग मनात आलं, आधी त्यांचं काम करून टाकावं, लोक काढावे, आन् मंग जावं.’’

‘‘मग?’’

‘‘लोक काढले. मी माघारी येऊन पात्रात हुभी राह्यले. पानी आलं. त्या धनसिंगनं ओढलं मला, गाढवानं.’’

मला गप्प राहता आलं असतं. ती मनात जे घेऊन बसली होती, ते तिच्याजवळ राहिलं असतं. पण यादीत तिचा नंबर होता, उन्हाळा अजून बाकी होता, आणि पुढच्या वेळी पुन्हा एकदाच वाजला तर ती काय करेल हे मला कळलं होतं. म्हणून मी सांगितलं. दोन कॉल काढले गेले, माझ्या एका खोट्या टिपेमुळं आणि माझ्या बोटानं. त्या वीस सेकंदांनंतर तिकडं कुणी नव्हतं, रिकामी लाइन होती. ती तोडायची ओळही माझ्याच हातून गेली होती. माफी मागितली, हात जोडले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

‘‘म्हंजी आजबी ते आले न्हाईत,’’ ती म्हणाली, आणि साडी पिळून माणसांकडं चालू लागली.